संजीवनी कोणीं पारखावी?

पुण्याहून बेळगांवकडे जाणारा जुना रस्ता सातारा मागें टाकून कऱ्हाडच्या बाजूला उतरूं लागला, कीं वाटेंत उंब्रज हें गांव लागतें. कृष्णा आणि तारळी या दोन नद्यांचा येथें संगम आहे. आणि समर्थ रामदासांनीं सतराव्या शतकांत ज्या अकरा मारुतींची स्थापना केली, त्यांपैकीं एक मारुति या गांवांत आहे. चाफळ येथून जवळच. कृष्णेच्या स्नानासाठीं समर्थ चाफळाहून उंब्रजला येत, असें परंपरा सांगते. या मारुतीपुढें हात जोडणाऱ्या भाविकाला द्रोणागिरीची कथा ठाऊक नाहीं, असें सहसा होत नाहीं. लक्ष्मण मूर्च्छित पडला, सुषेण वैद्यानें वनस्पति सांगितल्या, मारुति पर्वतावर गेला. पण त्या असंख्य वनस्पतींतून हव्या त्या कोणत्या, हें त्याला ओळखतां येईना. वेळ तर थोडा. तेव्हां त्यानें सबंध पर्वतच उचलून आणला.

भक्तीच्या दृष्टीनें ही पराक्रमाची कथा आहे. परंतु रुग्णालयाच्या कारभाराकडे दृष्टि ठेवून ती वाचली, तर औषध आणावयास गेलेल्या मनुष्याच्या अडचणीची ती एक फार जुनी नोंद ठरते. औषध सांगणारा एक, आणणारा दुसरा, आणि तें घेणारा तिसरा. सांगणाऱ्याजवळ ज्ञान आहे, आणणाऱ्याजवळ बळ आहे, आणि घेणाऱ्याजवळ केवळ रात्रीपुरता अवधि आहे. मारुतीच्या अंगीं पर्वत उचलण्याचें सामर्थ्य होतें, म्हणून त्याचें अज्ञान निभावून गेलें. ज्याच्या अंगीं तें सामर्थ्य नाहीं, त्याला वनस्पति ओळखणें भाग आहे.

उंब्रजवरून जाणाऱ्या त्याच रस्त्यानें आतां औषधांच्या पेट्यांनीं भरलेल्या मालमोटारी कऱ्हाड, सांगली, कोल्हापूर या शहरांकडे धांवतात. दवाखान्यांत गेलेला रोगी डॉक्टराला ओळखतो, परिचारिकेला ओळखतो, औषधें बांधून देणाऱ्यालाही ओळखतो. परंतु हीच बाटली का, हेंच यंत्र का, आणि याच किंमतीला का, हें ज्या मनुष्यानें ठरविलें, तो त्याच्या दृष्टीस कधींच पडत नाहीं. या अदृश्य मनुष्याचें काम गेल्या दीडदोन शतकांत कसें पालटत गेलें, आणि त्यानें कोणकोणत्या विद्या आत्मसात् केल्या, ही कथा रोग्यांच्या जीविताशीं निगडित आहे.

जुन्या काळीं हा प्रश्न उद्भवतच नसे, कारण वैद्य स्वतःच खरेदीदार होता. काष्ठौषधींच्या दुकानांत बसून तो मुळी मोडून पाही, तिचा वास घेई, तुकडा जिभेवर ठेवी. वनस्पतींचीं नांवें, रूपें व गुण त्याला निघंटूंतून पाठ असत. भस्माच्या परीक्षाही ठरलेल्या होत्या : उत्तम भस्म पाण्यावर तरंगतें, आणि बोटांच्या चिमटींत घेतलें असतां कातडीच्या रेषांत जाऊन बसतें. पारख आणि उपचार हीं दोन्ही कामें एकाच हातीं असल्यामुळें फसवणूक झालीच, तर तिची लाज त्याच मनुष्याला वाटे. या पद्धतींत एक मोठा गुण होता, आणि एक मोठी मर्यादाही होती. एका वैद्याची नजर एका गांवापुरती पुरे. सबंध प्रांताला ती पुरणें शक्य नव्हतें.

प्रांताचा प्रश्न इंग्रजी अमलांत उभा राहिला. पलटणींसाठीं आणि सरकारी दवाखान्यांसाठीं कलकत्ता, मद्रास व मुंबई येथें औषधांचीं मोठीं भांडारें उघडण्यांत आलीं. तेथून वर्षाकाठीं विलायतेस मागणीपत्र जाई. त्याला ‘इंडेंट’ म्हणत. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला होईपर्यंत मालाची गलबतें आफ्रिकेला वळसा घालून येत. म्हणजे मागणी आणि माल यांच्यामध्यें कित्येक महिन्यांचें अंतर पडे. अशा वेळीं भांडारपालाची मुख्य विद्या कोणती? पुढील पावसाळ्यांत हिंवताप किती पसरेल, किती शिपाई आजारी पडतील, आणि वाटेंतल्या दमट हवेनें किती माल बिघडेल, याचा आगाऊ अदमास बांधणें, ही होय. तो औषधशास्त्रज्ञ नसे, व्यापारीही नसे. तो मोजणारा, राखणारा आणि वाट पाहणारा मनुष्य होता. त्याची चूक दोनच प्रकारची असूं शके : माल कमी पडणें किंवा माल कुजणें.

या शांत कारभाराला पहिला मोठा धक्का प्लेगनें दिला. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईंत प्लेग प्रकट झाला आणि पाहतां पाहतां तो पुणें, सातारा या जिल्ह्यांत पोंचला. कृष्णाकांठचीं गांवें ओस पडलीं. माणसें माळावर झोपड्या बांधून राहूं लागलीं. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञानें मुंबईंत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःला टोंचून घेतली. १८९९ सालीं त्याच्या प्रयोगशाळेला परळच्या जुन्या राजभवनांत जागा मिळाली. तीच पुढें १९२५ सालीं हाफकिन इन्स्टिट्यूट या नांवानें ओळखली जाऊं लागली.

लस ही वस्तु भांडाराला सर्वस्वी नवी होती. क्विनाइनची पुडी वर्षभर फळीवर राहूं शके. लशीची बाटली तशी राहूं शकत नाहीं. तिला जन्मतारीख असते, आयुष्य असतें, आणि बाहेरील एखादा जंतु आंत शिरला तर तीच विष होते. याचा भयंकर अनुभव ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकोवाल या गांवीं आला. त्या दिवशीं लस टोंचलेल्या १०७ लोकांपैकीं १९ जण धनुर्वातानें मरण पावले. हाफकिन यांच्यावर ठपका ठेवण्यांत आला, आणि तो दूर व्हावयास १९०७ साल उजाडलें. या प्रकरणांत त्यांना ज्या गोष्टींनीं तारलें, त्यांत एक साधी गोष्ट होती. बाटल्यांवर क्रमांक होते. मेलेले एकोणीसही जण एकाच बाटलींतून टोंचले गेले होते, ही गोष्ट त्यामुळेंच सिद्ध करतां आली. आणि मग दोष प्रयोगशाळेंतला कीं बाटली उघडण्याच्या जागेवरचा, हा प्रश्न नीट विचारतां आला. त्या क्रमांकाचें मोल तेथून पुढें कोणत्याही जाणत्या भांडारपालाला विसरतां आलें नाहीं. माल किती आला हें लिहिणें पुरेसें नव्हे. कोणत्या घाण्यांतला कोणता माल कोणत्या गांवीं गेला, हेंही लिहिलें पाहिजे, हा धडा या १९ प्राणांच्या मोलानें मिळाला.

दुसरा धडा बाजारानें शिकविला. पहिल्या महायुद्धानंतर देशांत औषधांचा व्यापार वाढला, तशी भेसळही वाढली. १९३० सालीं सरकारनें कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. तिनें देशभर चौकशी करून कमी गुणाच्या व बनावट औषधांचा सुळसुळाट उघड केला, आणि कायद्याची मागणी केली. तो कायदा १९४० सालीं झाला. मधल्या काळांत, १९३७ सालीं, अमेरिकेंत एक अनर्थ घडला होता. सल्फानिलामाइड हें त्या वेळचें नवें आणि गुणकारी औषध पातळ रूपांत विकतां यावें म्हणून एका कारखान्यानें तें डायएथिलीन ग्लायकॉल या गोड चवीच्या द्रवांत विरघळविलें. तो द्रव मूत्रपिंडांचा घात करणारा होता. शंभराहून अधिक लोक मेले, त्यांत मुलें पुष्कळ होतीं. पुढच्याच वर्षीं अमेरिकेनें नवा कायदा केला. जगानें या विषाचें नांव कायमचें लक्षांत ठेवावें, अशी ही घटना होती.

परंतु जगानें तें ठेवलें नाहीं. १९८६ च्या जानेवारी व फेब्रुवारी महिन्यांत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत १४ रोगी मरण पावले. मेंदूंतील व डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठीं रोग्यांना ग्लिसरीन पाजण्याची रीति होती. त्या ग्लिसरिनांत तेंच डायएथिलीन ग्लायकॉल निघालें. न्यायमूर्ति बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानें दीर्घ चौकशी केली; १९८८ सालीं अहवाल लोकांसमोर आला आणि महाराष्ट्राच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावें लागलें. मालाची मागणी करणारे, पुरवठादार ठरविणारे, माल उतरवून घेणारे, तपासणी करणारे आणि परवाने देणारे अशा सर्वांच्या कारभारावर आयोगानें प्रकाश टाकला. एकच दुष्ट मनुष्य सांपडला असता, तर समाजाला एक प्रकारें हायसें वाटलें असतें. येथें दिसलें तें असें, कीं प्रत्येकानें आपला कागद पुढें सरकविला आणि बाटलींत काय आहे हें पाहण्याचें काम दुसऱ्याचें समजलें. सुषेणाची पारख कोणाजवळच उरली नव्हती.

अशा प्रसंगांनंतर कोणतेंही सरकार खरेदीभोवतीं नियमांची तटबंदी उभारतें. टेंडर काढावें, किमान तीन बोली याव्यात, सर्वांत कमी दराची बोली स्वीकारावी, प्रत्येक पायरीवर सही असावी. हे नियम लांचलुचपतीला आवर घालण्यासाठीं आवश्यक आहेत, यांत शंका नाहीं. परंतु त्यांचा एक दुष्परिणामही आहे. सही करणाऱ्याला सहीची भीति वाटूं लागते. चुकीचा माल घेतल्याबद्दल चौकशी होते. माल वेळेवर न घेतल्याबद्दल सहसा होत नाहीं. म्हणून न घेणें हेंच सुरक्षित ठरतें. भेसळीच्या औषधानें रोगी मरतो, तसाच न आलेल्या औषधानेंही मरतो. फरक इतकाच, कीं दुसऱ्या मृत्यूची नोंद खरेदीखात्याच्या वहींत होत नाहीं.

महाराष्ट्राचा अलीकडचा इतिहास या दृष्टीनें बोधप्रद आहे. निरनिराळ्या खात्यांची विखुरलेली खरेदी एका छत्राखालीं यावी म्हणून २०१७ सालीं राज्य सरकारनें तें काम हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोंपविलें. ज्या नांवाखालीं प्लेगच्या काळांत लस निर्माण झाली, त्याच नांवाकडे एकशें वीस वर्षांनंतर साऱ्या राज्याची औषधें विकत घेण्याचें काम आलें. निर्माण करणें आणि विकत घेणें या दोन विद्या निराळ्या आहेत, हें अनुभवास यावयास फार काळ लागला नाहीं. विलंबाच्या तक्रारी वाढत गेल्या. २०२३ सालीं राज्यानें स्वतंत्र कायदा करून वैद्यकीय वस्तु खरेदी प्राधिकरण स्थापन केलें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरच्या आरंभीं नांदेडच्या शासकीय रुग्णालयांत २४ तासांत २४ रोगी मरण पावले आणि त्यांत १२ नवजात बालकें होतीं. औषधांच्या तुटवड्याचा आरोप झाला. रुग्णालयाच्या प्रशासनानें तो नाकारला. वादाचा निकाल कांहींही असो, खरेदीच्या विलंबाचा प्रश्न त्या दिवशीं घरोघर पोंचला.

याच प्रश्नाचें एक उत्तर तामिळनाडूनें १९९४ सालीं शोधलें होतें. तेथील सरकारनें केवळ औषधखरेदीसाठीं एक स्वतंत्र मंडळ काढलें. आवश्यक औषधांची मर्यादित यादी केली. एकत्र मागणीमुळें दर खालीं आणले. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामें बांधून त्यांतला सांठा संगणकावर नोंदविला. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखें एक पासबुक दिलें, आणि ठरलेल्या रकमेच्या मर्यादेंत आपली गरज काय हें त्या रुग्णालयानेंच ठरवावें असें केलें. सर्वांत महत्त्वाची गोष्ट तपासणीची. आलेल्या मालाचा नमुना प्रयोगशाळेकडे धाडतांना त्यावरील कारखान्याचें नांव काढून टाकलें जाई, म्हणजे तपासणाऱ्याला कोणाची भीड पडण्याचें कारण उरत नसे. या पद्धतींत विलक्षण असें कांहीं नाहीं. पण तींत भांडारपाल, हिशेबनीस आणि पारखी हे तिघे पुनः एका घरांत आले. इतर राज्यांनींही पुढें हा कित्ता गिरविला.

येथवर खरेदीदाराचें काम राखण करण्याचें होतें. परंतु गेल्या तीस वर्षांत त्याच्या कामाला आणखी एक बाजू आली आहे, आणि ती अधिक कौतुकाची आहे. जें बाजारांत नाहीं, तें निर्माण करावयास लावणें ही ती बाजू होय.

पोलिओच्या लशीचें उदाहरण घ्यावें. ही लस उष्णतेनें निकामी होते. पण निकामी झालेली लस डोळ्यांना ओळखूं येत नाहीं. खेड्यांतील परिचारिकेजवळ ती ओळखण्याचें साधन नव्हतें. बाटलीवर एक लहानसें चिन्ह लावण्याची युक्ति शोधून काढण्यांत आली : एक वर्तुळ आणि त्याच्या आंत एक फिकट चौकोन. उष्णता लागेल तसतसा चौकोन काळवंडत जातो. तो बाहेरच्या वर्तुळापेक्षां फिका असेल तोंवर लस चांगली. तो वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला, कीं बाटली टाकून द्यावी. युक्ति सोपी होती, पण कारखानदारांना ती आपण होऊन लावण्याचें कारण नव्हतें. १९९६ पासून पोलिओच्या लशीवर हें चिन्ह येऊं लागलें, याचें कारण असें, कीं जगांतील मुलांसाठीं लस विकत घेणाऱ्या युनिसेफनें तें आपल्या खरेदीच्या अटींत घातलें. शास्त्रज्ञांनीं शोध लावला खरा. परंतु तो खेड्यापर्यंत नेला तो टेंडराच्या एका कलमानें.

दुसरें उदाहरण पुण्याचें आहे. १९६६ सालीं पुण्यांत सिरम इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. तिच्या मुळाशीं घोड्यांच्या पैदाशीचा व्यवसाय होता; शर्यतींतून निवृत्त झालेले घोडे रक्तजल काढण्यासाठीं हाफकिन इन्स्टिट्यूटकडे दिले जात, त्यांतूनच स्वतः रक्तजल व लशी करण्याची कल्पना निघाली. इकडे आफ्रिकेच्या मध्यपट्ट्यांत मेनिंजायटिस या मेंदूच्या आवरणाच्या रोगानें वारंवार थैमान मांडलें होतें. १९९६-९७ च्या सांथींत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि पंचवीस हजार मेले. श्रीमंत देशांतील मोठ्या कारखान्यांना या गरीब गिऱ्हाइकांसाठीं नवी लस काढण्यांत लाभ दिसेना. तेव्हां २००१ सालीं जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांनीं उलट्या बाजूनें आरंभ केला. त्यांनीं प्रथम आफ्रिकेंतील आरोग्याधिकाऱ्यांना विचारलें, कीं तुम्हांला परवडेल अशी किंमत कोणती? उत्तर आलें, मात्रेस अर्ध्या डॉलरपेक्षां कमी. ती किंमत आधीं ठरली. मग तींत बसेल अशी कृति, कच्चा माल आणि कारखाना शोधण्यांत आला. लस पुण्यांत तयार झाली आणि २०१० च्या डिसेंबरांत बुर्किना फासो देशांत ती देण्यास आरंभ झाला. पुढें ती चार दिवसांपर्यंत ४० अंश उष्णतेंतही वापरतां येते, हें सिद्ध झाल्यावर बर्फाच्या पेट्यांचा भारही हलका झाला.

या दोन्ही उदाहरणांत खरेदीदारानें प्रथम रोग्याची परिस्थिति समजून घेतली आणि मग बाजाराला अट घातली. हीच त्याची नवी विद्या. ती अंगीं येण्यास त्याला चार गोष्टी शिकाव्या लागतात. किंमत आणि खर्च यांतील भेद ही पहिली. स्वस्त यंत्र घ्यावें, आणि त्याला लागणारीं रसायनें एकाच कारखान्याचीं व महाग असावीं, तर तें यंत्र महागच होय. दुरुस्ती ही दुसरी : यंत्र आलें त्या दिवशीं खरेदी संपत नाहीं. विजेचा दाब कमीअधिक होणाऱ्या गांवीं तें टिकेल काय, तें बिघडल्यास दुरुस्त करणारा मनुष्य किती दिवसांत येईल, हें करारांतच लिहिलें पाहिजे. पुरावा ही तिसरी : नवीन म्हणून जें जें पुढें येतें, तें तें अधिक गुणकारी असतेंच असें नाहीं, म्हणून डॉक्टर, परिचारिका व अभियंता यांना शेजारीं बसवूनच निवड करावी लागते. आणि सचोटी ही चौथी. पहिल्या तीन शिकवितां येतात. चौथीला सुरक्षित ठेवणारे नियम तेवढे करतां येतात.

आणि हे नियम असे असावेत, कीं प्रामाणिक मनुष्याला सही करावयास भय वाटूं नये. निर्णयाचीं कारणें लिहून ठेवण्याची मुभा असली, आणि विलंबाचाही जाब विचारला जाऊं लागला, म्हणजे भित्रेपणा हा सुरक्षिततेचा मार्ग उरणार नाहीं. भांडारपालापासून तज्ज्ञापर्यंतचा हा प्रवास महाराष्ट्रांत अद्याप पुरा झालेला नाहीं. तो पुरा व्हावयाचा, तर या पेशाला शिक्षण, प्रतिष्ठा आणि संरक्षण हीं तिन्ही दिलीं पाहिजेत.

उंब्रजच्या परिसरांत एखादी परिचारिका पोलिओच्या लशीची बाटली उघडण्यापूर्वीं तीवरील चौकोन क्षणभर उजेडांत धरून पाहते. चौकोन फिका असला, तर ती समोरच्या मुलाला तोंड उघडावयास सांगते. त्या एका क्षणाच्या पारखेमागें कोठल्या तरी कचेरींत बसून अट लिहिणारा एक मनुष्य उभा असतो. त्याचें नांव तिला माहीत नसतें, मुलाच्या आईलाही माहीत नसतें. मारुतीला जी वनस्पति ओळखतां आली नाहीं, ती ओळखण्याची खूण त्यानें बाटलीवरच लावून ठेवलेली असते.